देशाच्या धुराची वही: उत्सर्जनाचा वर्षानुवर्षांचा हिशेब घरी कसा ठेवावा

नागपुरात सिव्हिल लाइन्सला जीपीओसमोर हवा मोजणारं केंद्र आहे. त्याचा निर्देशांक मोबाइलवर दिसतो आणि सकाळी फुटाळा तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींत त्यावर चर्चाही होते. चर्चा बघता बघता देशावर जाते. एक जण म्हणतो प्रदूषण पूर्वीपेक्षा कमी झालं, दुसरा म्हणतो छे, वाढतच चाललंय, आणि दोघंही दाखला त्याच निर्देशांकाचा देतात. गाडं तिथेच अडतं.

निर्देशांक हवेत काय साठलंय त्यावरून काढतात: एका घनमीटरमध्ये किती मायक्रोग्रॅम. हा आकडा वाऱ्यावर, पावसावर, हिवाळ्यात जमिनीलगत अडकून बसणाऱ्या हवेवर हलतो. जानेवारीत नागपूरची हवा वाईट आणि ऑगस्टमध्ये चांगली दिसते, पण कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची धुरांडी ऑगस्टमध्येही चालूच असतात. देशानं एका वर्षात हवेत एकूण किती टन सल्फर डायऑक्साइड सोडला, किती टन नायट्रोजन ऑक्साइड, किती टन सूक्ष्म धूळ, ही मोजणी वेगळी. ती उत्सर्जनाची मोजणी. एखादं धोरण कामाला आलं की नाही हे कळायचं असेल तर हीच लागते, कारण वाऱ्यावर कोणाचा ताबा नसतो, धुरांड्यावर असतो.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्याचं उद्दिष्टही हवेतल्या धुळीच्या प्रमाणात सांगितलेलं आहे: आधी २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत २० ते ३० टक्के घट, नंतर ते २०२५–२६ पर्यंत ४० टक्के केलं. नागपूर त्या शहरांच्या यादीत आहे. पण टनांचा हिशेब हातात नसेल, तर घट झाली ती पावसामुळे की कामामुळे हे कसं ओळखणार? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे १९७० पासूनची राष्ट्रीय मालिका आहे, वर्षवार, उगमवार, कोणालाही उतरवून घेता येते. आपल्याकडे दरवर्षी नेमानं निघणारी अशी अधिकृत मालिका नाही. संशोधकांनी केलेल्या आहेत आणि त्या उत्तम आहेत, पण त्या वाचायलाही हिशेब कसा होतो ते माहीत असावं लागतं. म्हणून माझं म्हणणं असं, की ज्याला एक्सेल चालवता येतं त्यानं स्वतःची एक साधी वही ठेवून बघावी.

मी नागपूरजवळच्या एका औष्णिक वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. वाघिणींतून आलेल्या कोळशाचा नमुना घ्यायचा, कुटायचा, चाळायचा, त्यातला ओलावा, राख, गंधक आणि उष्मांक काढायचा, हे माझं काम. त्यामुळे ही वही मी कोळशापासून सुरू करते आणि तुम्हीही तिथूनच सुरू करा असं सांगते. भारताचा सल्फर डायऑक्साइड मुख्यतः तिथूनच निघतो, आणि आकडेही तिथलेच सगळ्यांत चांगले मिळतात.

एका संचाचा हिशेब

सगळ्या वहीचं सूत्र एकच. काम गुणिले कामामागची घाण, आणि त्यातून वाटेत अडवलेली घाण वजा. काम म्हणजे जाळलेला कोळसा, विकलेलं डिझेल, चुलीत गेलेलं लाकूड. कामामागची घाण म्हणजे एक टन कोळशामागे किती किलो वायू. याला उत्सर्जन गुणांक म्हणतात. अडवलेली घाण म्हणजे धुरांड्याआधीच्या यंत्रणेनं पकडलेला भाग.

आता ५०० मेगावॅटचा एक संच घ्या. वर्षभर सरासरी ७५ टक्के भारानं चालला तर तो साधारण ३२८ कोटी युनिट वीज बनवतो. एका युनिटला लागणारी उष्णता २४०० किलोकॅलरी आणि कोळशाचा उष्मांक किलोमागे ३७०० किलोकॅलरी धरला, तर युनिटमागे ०.६५ किलो कोळसा. म्हणजे वर्षाला जवळपास २१ लाख ३५ हजार टन.

या कोळशात गंधक अर्धा टक्का धरू. दामोदर, महानदी, वर्धा खोऱ्यांतला आपला बहुतेक दगडी कोळसा साधारण या पातळीचा असतो. गंधकाचा अणुभार ३२, सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४. म्हणजे एक किलो गंधक जळलं की दोन किलो वायू. एक टन कोळशात ५ किलो गंधक, त्याचा वायू १० किलो. थोडं गंधक राखेत अडकतं, त्याचे ५ टक्के वजा करा: साडेनऊ किलो. गुणाकार केला की या एका संचाचा वर्षाचा सल्फर डायऑक्साइड सुमारे २० हजार टन येतो. गंधक काढणारी यंत्रणा नसेल तर हे सगळंच्या सगळं हवेत.

या आकड्यावर माझा बऱ्यापैकी भरवसा आहे. कारण गंधक कुठे पळून जात नाही. जेवढं आत गेलं तेवढं राखेत किंवा धुरात निघतंच. फक्त एक गोष्ट तपासायची. प्रयोगशाळेचा गंधकाचा आकडा कोणत्या आधारावर दिलाय? हवेत वाळवलेल्या नमुन्यावर की आलेल्या ओल्या कोळशावर? पावसाळ्यात कोळशाचा ओलावा बराच चढतो आणि दोन आधारांमध्ये चांगला फरक पडतो. कोळशाचं वजन ओलं आणि गंधकाचा टक्का वाळलेला, असा गुणाकार बऱ्याच अहवालांत बसलेला दिसतो. दोन्ही एकाच आधारावर आणा, मगच पुढे जा.

आता त्याच संचाची धूळ काढू. राख ४० टक्के, म्हणजे साडेआठ लाख टन. त्यातली साधारण ८० टक्के उडती राख, सुमारे ६ लाख ८३ हजार टन. ही पकडायला इएसपी असतो, विजेच्या भारानं राख खेचणारी यंत्रणा. इएसपीची कार्यक्षमता ९९.९ टक्के धरली तर वर्षाला ६८३ टन राख बाहेर जाते. ९९.५ धरली तर ३४१५ टन. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी आणि उत्तर पाचपट! कागदावरची कार्यक्षमता नव्या यंत्रणेची असते. एखादं फील्ड, म्हणजे यंत्रणेचा एक टप्पा, बंद पडलेलं असतं, राख साठणारा हॉपर भरलेला असतो, तेव्हा खरी कार्यक्षमता खाली येते. म्हणून माझ्या वहीत वीज केंद्रांच्या धुळीच्या रकान्यात एक आकडा कधीच नसतो. कमी, मध्यम, जास्त असे तीन असतात. सल्फर डायऑक्साइडलाही तीन आहेत, पण ते एकमेकांच्या जवळ बसतात.

नायट्रोजन ऑक्साइडचं गणित आणखी वेगळं. तो काही कोळशातल्या नायट्रोजनपासून आणि काही भट्टीच्या उष्णतेत हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, त्यामुळे नुसत्या कोळशाच्या विश्लेषणावरून काढता येत नाही. बर्नर कसा आहे, भार किती आहे यावर तो ठरतो. तिथे मोजमापांवरून आलेला गुणांकच घ्यावा लागतो.

आकडे कुठून आणायचे

वीज केंद्रांच्या कोळशासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण, म्हणजे सीईए. महिन्याचे अहवाल मिळतात आणि संचवार वीजनिर्मितीही. पेट्रोल, डिझेल, एलपीजीसाठी पेट्रोलियम नियोजन आणि विश्लेषण कक्ष, ज्याला सगळे पीपीएसी म्हणतात. उद्योगांतल्या कोळशासाठी कोळसा नियंत्रकांची कोल डिरेक्टरी आणि सांख्यिकी मंत्रालयाचं वार्षिक ऊर्जा प्रकाशन. गाड्यांसाठी वाहन पोर्टल. पिकांच्या अवशेषांसाठी कृषी मंत्रालयाचे उत्पादनाचे अंदाज. या सगळ्या फाइली उतरवल्या की जशाच्या तशा एका फोल्डरमध्ये ठेवा, नावात उतरवल्याची तारीख घाला आणि त्यांना हात लावू नका. काम वेगळ्या प्रतीवर करायचं. सरकारी आकडे मागाहून सुधारले जातात, आणि दोन वर्षांनी आपण कोणता आकडा घेतला होता हे सांगता आलं पाहिजे.

एक खाचखळगा आपल्याकडे खास. आपले बहुतेक आकडे एप्रिल ते मार्च असतात, आणि आंतरराष्ट्रीय मालिका जानेवारी ते डिसेंबर. महिन्यांचे आकडे असतील तर सरळ बेरीज करून दिनदर्शिकेचं वर्ष बनवा. नसतील तर आधीच्या आर्थिक वर्षाचा चौथा हिस्सा आणि चालू वर्षाचे तीन हिस्से घ्या. साधारण वर्षी हे चालून जातं, २०२० ला अजिबात चालत नाही. टाळेबंदी २५ मार्चपासून लागली आणि एप्रिलमध्ये विजेची मागणी कोसळली. त्या वर्षाला महिनेच लागतात.

गाड्यांचा भाग लोकांना सोपा वाटतो, तो सगळ्यांत फसवा आहे. वाहन पोर्टलवर नोंदणी दिसते, रस्त्यावर काय धावतंय ते दिसत नाही. भंगारात गेलेली, अंगणात सडत पडलेली लूना आणि बजाज स्कूटरही नोंदीत जिवंत असते. म्हणून गाड्यांची संख्या वयानुसार कमी करत न्यायची, प्रत्येक प्रकारची गाडी वर्षाला किती किलोमीटर धावते ते धरायचं, आणि शेवटी सगळ्या गाड्यांना मिळून किती डिझेल लागेल ते काढून पीपीएसीच्या विक्रीशी ताडून बघायचं. विक्रीपेक्षा दीडपट डिझेल तुमच्या कागदावर जळत असेल तर कुठेतरी जास्तीच्या गाड्या धरल्यात. ट्रॅक्टर, जनरेटर आणि पंपांचं डिझेल आधी वेगळं काढा, हे विसरू नका.

चुलीचा भाग मात्र थांबून करा. आमच्याकडे काटोल, उमरेडच्या बाजूला गेलात की घराच्या भिंतीला पऱ्हाट्या आणि तुराट्यांचे भारे रचलेले दिसतील. कापूस निघाला की पऱ्हाटी वर्षभराचं जळण होते, तिला पैसा लागत नाही. हे जळण कोणत्याही विक्रीच्या आकड्यात येत नाही. तिथे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आधार घ्यावा लागतो. स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरं २०१५–१६ च्या सर्वेक्षणात ४३.८ टक्के होती, २०१९–२१ मध्ये ५८.६ टक्के. मधे मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. पण सिलिंडर घरात असणं आणि चूल बंद असणं यांत अंतर आहे. चहा, भाजी गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवर, असं कितीतरी घरांत चालतं. तेव्हा जोडण्यांची संख्या घेऊ नका, वर्षाला किती सिलिंडर भरले गेले ते घ्या आणि त्यावरून चुलीचा वाटा काढा.

हिशेब करून बघा. एका घरात रोज ५ किलो लाकूड जळलं आणि किलोमागे ५ ग्रॅम सूक्ष्म धूळ धरली, तर वर्षाला ९ किलो. अशी एक कोटी घरं म्हणजे ९१ हजार टन. वर काढलेल्या ५०० मेगावॅटच्या संचाची राख, इएसपी नीट चालत असताना, ६८३ टन होती. धुरांडं उंच असतं म्हणून सगळ्यांना दिसतं. चुलीचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या नाकाखाली निघतो. किलोमागचा गुणांक लाकूड, गोवरी, चुलीची ठेवण यांप्रमाणे खालीवर होतो, म्हणून इथेही तीन रकाने ठेवा. पण आकार कळतो, आणि तो कळलाच पाहिजे.

वीटभट्ट्या, शेतातली जाळपोळ, बांधकाम आणि रस्त्याची धूळ यांना वेगळी पानं द्या. रस्त्याची धूळ मुख्य बेरजेत कधीही मिसळू नका. तिचा अंदाज इतका ढोबळ असतो आणि आकडा इतका मोठा, की बाकी सगळी घट-वाढ तिच्याखाली गडप होते. अमेरिकेच्या मालिकेत वणव्यांची ओळ अशीच वेगळी ठेवलेली आहे. एखाद्या वर्षी जंगलं पेटली म्हणून कारखाने बिघडले असं वाटू नये, हा त्यामागचा विचार.

वर्ष बदललं की पद्धत?

इथे खरी कसोटी आहे. दहा वर्षांचे दहा आकडे एका खाली एक लिहिले म्हणजे मालिका होत नाही. घरात वजनकाटा नवा आणला आणि दुसऱ्या दिवशी दोन किलो कमी भरलं, म्हणून कोणी बारीक झालेलं नसतं. उत्सर्जनाच्या वहीत हेच सारखं घडतं. २०१८ पर्यंत जुना गुणांक, २०१९ पासून नवा, आणि आलेखावर झकास उतार दिसतो जो हवेत कुठेच नाही.

नियम एकच आणि तो पाळायचा: गुणांक सुधारला की मागची सगळी वर्षं पुन्हा मोजायची. अमेरिकेत सविस्तर राष्ट्रीय यादी दर तीन वर्षांनी होते, मधली वर्षं त्यावरून भरली जातात, आणि गाड्यांच्या धुराचं प्रारूप बदलतं तेव्हा जुनी वर्षंही नव्या प्रारूपानं काढली जातात. त्यामुळे तिथली २०१२ ची फाइल आणि आजची फाइल यांत त्याच जुन्या वर्षाचा आकडा वेगळा सापडू शकतो. ती गफलत नव्हे, तसंच व्हायला पाहिजे. तुम्ही दोन वेगवेगळ्या फाइलींतली वर्षं एकमेकांना जोडू मात्र नका.

म्हणून वहीत एक पान पद्धतीचं असू द्या. कोणत्या तारखेला काय बदललं, का बदललं, त्यामुळे २०१० चा आकडा कितीनं हलला आणि ताज्या वर्षाचा कितीनं. माझ्या मते सगळ्या फाइलीत हे पान सर्वांत मोलाचं. आकडे पुन्हा काढता येतात; विचार काय केला होता तो लिहिला नाही तर परत मिळत नाही.

सरकारी नियमांची तारीख हीही अशीच जागा. डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा पहिल्यांदा ठरली आणि मुदत दोन वर्षांची होती. ती पुढे पुन्हापुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं बहुतेक केंद्रांना गंधक काढणाऱ्या एफजीडी यंत्रणेतून सूट मिळाली. ज्यांनी आपल्या तक्त्यात २०१८ पासून कपात धरली, त्यांचा आलेख सरकारी कागदावरच सुधारला. तेव्हा एफजीडीची वजावट संचवार करा. सीईए प्रत्येक संचाची एफजीडीची स्थिती प्रसिद्ध करते. यंत्रणा ज्या महिन्यात सुरू झाली त्या महिन्यापासून आणि त्याच संचाला वजावट द्या. बाकी सगळीकडे शून्य.

उलट भारत स्टेज ६ चं, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या आणि इंधनाच्या नव्या मानकाचं बघा. १ एप्रिल २०२० पासून देशभर डिझेलमधलं गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आलं. हे इंधनच बदललं, त्यामुळे जुन्या ट्रकचाही सल्फर डायऑक्साइड त्याच वर्षी पाचपट घटला. पण नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी इंजिनावर ठरते, आणि ती फक्त नव्या गाडीत सुधारली. जुना ट्रक वर्धा रोडवरून अजून दहा वर्षं जाणार. एकाच नियमाचा परिणाम एका रकान्यात लगेच, दुसऱ्यात हळूहळू. वहीत तो तसाच उतरला पाहिजे.

ताळा

शेजारचा एमएस्सी करणारा मुलगा अधूनमधून लॅपटॉप घेऊन माझ्याकडे बसतो. एकदा त्यानं दोन संशोधनांतले भारताचे सल्फरचे आकडे समोर ठेवले. "काकू, दोन्ही चांगल्या जागचे आहेत, मग जुळत काहून नाहीत?" म्हणाला. मी म्हटलं, भागून बघ. भागलं तर उत्तर जवळपास दोन आलं. "आता एकक वाच." एकानं टेराग्रॅम गंधक दिलं होतं, दुसऱ्यानं टेराग्रॅम सल्फर डायऑक्साइड. ३२ आणि ६४, बस. दुसऱ्याची हवा दुप्पट घाण नव्हती.

एककांची ही तपासणी दरवेळी करा. गिगाग्रॅम म्हणजे हजार टन, टेराग्रॅम म्हणजे दहा लाख टन. अमेरिकेचा टन हा शॉर्ट टन, ९०७ किलोचा, आणि त्यांच्या फाइलीत आकडे हजार टनांत असतात. नायट्रोजन ऑक्साइड कोणी नायट्रिक ऑक्साइड म्हणून देतं, कोणी नायट्रोजन डायऑक्साइड म्हणून. रेणुभार ३० आणि ४६, फरक दीडपटीचा. आणि लाख, कोटी, दशलक्ष यांची सरमिसळ तर आपल्या हाताखालीच होते, म्हणून एक्सेलमध्ये सगळं हजार टनांत ठेवा आणि लाख-कोटी फक्त बोलताना वापरा.

मग मोठ्या मालिकांशी ताळा. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राची एडगर मालिका १९७० पासून सगळ्या देशांसाठी आहे. सीईडीएस ही दुसरी जागतिक मालिका त्याहून मागे, थेट १७५० पर्यंत जाते. आशियासाठी जपानी संशोधकांची रीस ही मालिका आहे. यांच्याशी तुमचा आकडा तंतोतंत जुळणार नाही आणि जुळायला नकोच. २० ते ३० टक्क्यांचा फरक सल्फर डायऑक्साइडमध्ये पचतो. दुप्पट असेल तर उगमवार तोडून बघा, कुठे फाटलंय ते लगेच दिसतं. बहुतेकदा एकानं धरलेला आणि दुसऱ्यानं सोडलेला उगम असतो. एडगरमध्ये, उदाहरणार्थ, जंगलांचे मोठे वणवे नसतात.

शेवटचा ताळा आकाशातून. ऑरा उपग्रहावरचं ओएमआय उपकरण २००४ पासून आणि सेंटिनेल-५पी वरचं ट्रोपोमी २०१७ च्या उड्डाणानंतर सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड वरून मोजतं. त्यांना आपले अहवाल, मुदती, सवलती काही ठाऊक नसतात. ओएमआयच्या मोजमापांवरचा २०१७ चा एक अभ्यास सांगतो, की २००७ पासून चीनचा सल्फर डायऑक्साइड ७५ टक्क्यांनी घटला आणि भारताचा ५० टक्क्यांनी वाढला. चीननं कोळसा सोडला नव्हता, धुरांड्यांवर यंत्रणा बसवून चालवली होती. तुमच्या वहीतली त्या वर्षांची रेघ वर जात नसेल तर वही चुकतेय.

वाचायचं कसं

मालिका तयार झाली की प्रत्येक उगमासाठी दोन रेघा आणखी काढा. पहिलीत गुणांक सुरुवातीच्या वर्षाचाच ठेवा आणि फक्त काम बदलू द्या. दुसरीत काम गोठवा आणि गुणांक बदलू द्या. पहिली रेघ सांगते देश किती वाढला. दुसरी सांगते सुधारणा किती झाली. वीज केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडमध्ये पहिली रेघ चढते आणि दुसरी जवळजवळ आडवी पडून आहे. डिझेलच्या सल्फर डायऑक्साइडमध्ये दुसरी रेघ उभ्या कड्यासारखी खाली येते, कारण भारत स्टेज ३ मधलं ३५० भाग गंधक १० वर आलं. करायचं ठरवलं तर होतं, हे याच देशाच्या याच आकड्यांत दिसतं, आणि मला ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून लोकांना दाखवायला आवडतं. अमेरिकेचा सल्फर डायऑक्साइड १९७० मध्ये सुमारे ३ कोटी १० लाख शॉर्ट टन होता आणि २०२० मध्ये २० लाखांच्या आत आला. १९७० चा क्लीन एअर ॲक्ट, १९९० ची सुधारणा, १९९५ पासून वीज केंद्रांच्या धुरांड्यांवर सतत मोजणी आणि उत्सर्जनाच्या परवान्यांचा हिशेब, अशा पायऱ्या त्या रेघेवर बोट ठेवून दाखवता येतात. पुढे स्वस्त वायूनं कोळशाला हटवलं त्याचाही वाटा आहे, तोही सांगायचा.

तुलनेला पहिलं किंवा शेवटचं वर्ष म्हणून २०२० कधीच घेऊ नका. त्या वर्षाशी तुलना केली तर नंतरचं सगळं बिघडलेलं दिसेल, आणि तिथेच थांबलात तर सगळं सुधारलेलं. तीन वर्षांची सरासरी घ्या, ती जास्त प्रामाणिक. एका वर्षाच्या दोन-तीन टक्के चढउतारावर कोणाचं कौतुकही करू नका आणि कोणाला धारेवरही धरू नका. तुमच्या हिशेबाची अनिश्चितताच त्याहून मोठी आहे.

आकडा बाहेर सांगताना तिन्ही रकाने सांगा. "वीज केंद्रांचा सल्फर डायऑक्साइड अमुक ते अमुक लाख टन, मध्यम अंदाज अमुक, वही अमुक तारखेची." कोणी पत्रकार किंवा नगरसेवक एकच आकडा मागेल, तरी टोकं वगळू नका. उन्हाळ्यात मार्चअखेरचे आकडे येऊ लागले की नवं वर्ष भरा, मागच्या वर्षाचे सुधारलेले आकडे बदला, पद्धतीच्या पानावर दोन ओळी लिहा आणि फाइल नव्या नावानं जतन करा. जुनी फाइल पुसू नका.